यमुना कोणाची?

गेल्या दीड वर्षात आमच्या वाचकगटाने चौदा पुस्तके वाचली आणि एक वाचायचे नाकारले. चौदांपैकी निम्मी आता मला धड आठवतही नाहीत. नाकारलेले मात्र मनातून जात नाही. ते पुस्तक म्हणजे ति. जानकीरामन यांची ‘मोहमुळ्’ ही कादंबरी. आधी साप्ताहिकातून क्रमशः आणि मग १९६४ साली पुस्तकरूपाने आलेली. कुंभकोणमवर लिहिलेले इतके मोठे पुस्तक दुसरे नाही, आणि ते कुंभकोणमपासून आठ किलोमीटरवरच्या तिरुविडैमरुदूरमध्ये वाचायचे नाही असे ठरले, तेही एका मराठी घराच्या ओसरीवर.

गट सात जणांचा. तिघांच्या घरी तमिळ, एकाच्या घरी तेलुगू, एक तिरुभुवनमचे सौराष्ट्री विणकर, आणि मराठी घरची आम्ही दोघे: मी आणि जिच्या घरी आम्ही जमतो ती आक्का. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी बसतो. पुस्तक पाळीपाळीने सुचवायचे. पन्नास पाने वाचल्याशिवाय सोडायचे नाही, न वाचता बोलायचे नाही, हे दोनच नियम. ज्याला जे भाषांतर मिळेल ते त्याने वाचावे. मराठी पुस्तक सुचवले की वाचणारे दोघेच, म्हणून मी ते तोंडी सांगत जातो. एकाच कथेवर चार भाषांतून भांडण व्हावे ही इथे काही नवी गोष्ट नव्हे. तंजावरच्या शहाजीराजांनी ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटकच लिहून ठेवले आहे, त्यात प्रत्येक पात्र आपापली भाषा बोलते आणि कुणाचे कुणावाचून अडत नाही. आमचे अडते.

वाचलेल्यांपैकी कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ सांगताना मला सर्वांत समाधान वाटले. धरणात गाव गेले, माणसे उठून गेली, जनावरे मागे राहिली. मेट्टूर आणि कावेरीच्या पाण्यावर जगणाऱ्या आमच्या भागात धरण म्हणजे कायम दुसऱ्या बाजूने पाहिलेली वस्तू. कालव्याला पाणी कधी सुटणार, एवढाच आमचा धरणाशी संबंध. त्या पाण्याखाली कुणाचे गोठे आहेत हा प्रश्न इथल्या ओसरीवर पहिल्यांदा आला तो एका मराठी म्हशीमुळे. देवीभारतींची ‘नीर्वळिप् पडूउम्’ चांगली, पण गटातल्या दोघांनी ती पन्नासाव्या पानावर नियमाप्रमाणे ठेवून दिली. त्यांना मी दोष देत नाही. नात्यागोत्यांची नावे लक्षात ठेवताना माझीही दमछाक झाली.

बानू मुश्ताक यांच्या कथा आम्ही २०२५ मध्ये, आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यावर, सगळ्यांसारख्याच उशिरा वाचल्या. दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादाचे नाव ‘हार्ट लॅम्प’, मूळ कन्नड कथेचे ‘एदेय हणते’. ही ‘हणते’ म्हणजे आपली पणतीच. कन्नडमध्ये जुन्या ‘प’चा ‘ह’ झाला, मराठीत तो तसाच राहिला. इंग्रजीत ‘लॅम्प’ म्हटले की टेबलावरचा दिवाही डोळ्यांपुढे येतो. पणतीला तेल संपण्याची भीती असते, आणि त्या कथेतल्या बाईला ती पुरेपूर आहे. हे आक्काच्या लक्षात आले, माझ्या नव्हे.

तीच आक्का पुढच्या महिन्यात म्हणाली, “मोहमुळ् माझ्या घरात नको.”

कादंबरीतला बाबू कुंभकोणमला शिकायला आलेला, संगीताच्या ध्यासाने झपाटलेला मुलगा. त्याच्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या यमुनेवर त्याचा जीव जडतो. यमुनेचा बाप तमिळ ब्राह्मण, आई तंजावरची मराठा. बाप गेल्यावर मायलेकी हळूहळू दारिद्र्यात उतरत जातात. यमुनेला पाहायला स्थळे येतात आणि आईची जात कळली की परत जातात. मराठी वाचकांना हे पुस्तक फारसे ठाऊक नसावे, पण तंजावर जिल्ह्यातल्या आमच्या घरांत ते न वाचताही सगळ्यांना ठाऊक असते. १९९५ साली त्यावर ज्ञान राजशेखरन यांचा चित्रपट आला, तेव्हा उरल्यासुरल्यांनाही ठाऊक झाले.

पुस्तक सुचवले होते तेलुगू घरच्या मास्तरांनी. त्यांनी नियम काढला: न वाचता बोलायचे नाही. आक्काने ऐकून घेतले आणि मग जे सांगितले ते मी शक्य तितके तिच्याच क्रमाने देतो. पुस्तक आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. कुंभकोणमला कॉलेजात जायची. घरी मराठी बोलतात हे कळले की मुले मागून “यमुनावा?” म्हणून विचारायची. विचारणारी मुले वाईट घरची नव्हती, पुस्तके वाचणारी होती. पुढे तिला पाहायला आलेल्या एका घरातल्या वडीलधाऱ्याने तिच्या वडिलांना विचारले, तुम्ही नक्की कुठले मराठी? त्या माणसाने कादंबरी वाचली होती की नाही कोण जाणे, पण प्रश्न त्या कादंबरीतून आला होता अशी तिची खात्री आहे. “पुस्तक ते वाचायचे आणि बघायचे मला,” ती म्हणाली. “मी कशाला वाचू?”

यावर ‘आधी वाचा, मग बोला’ हे उत्तर पुरेसे आहे का, हा या लेखाचा खरा प्रश्न.

ते वाक्य आपण कोणाला सुनावतो ते पाहावे. जेम्स लेन यांच्या शिवाजीमहाराजांवरील पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसून पोथ्यांची नासधूस झाली, तेव्हा ते वाक्य योग्य होते. आनंद यादवांच्या तुकारामांवरील कादंबरीवरून २००९ मध्ये त्यांना पुस्तक मागे घ्यावे लागले, संमेलनाचे अध्यक्षपद सोडावे लागले आणि महाबळेश्वरचे संमेलन अध्यक्षाविना पार पडले, तेव्हाही योग्य होते. आमच्या तमिळनाडूत पेरुमाळ मुरुगन यांनी २०१५ च्या जानेवारीत आपल्यातला लेखक मेल्याचे जाहीर केले. त्यानंतर दीड वर्षाने मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने जो निकाल दिला त्याचा एक मुद्दा साधा होता: पुस्तक वाचण्याची सक्ती कोणावर नाही, नावडले तर बाजूला ठेवावे. या तिन्ही ठिकाणी काही माणसांना इतरांचे वाचणे थांबवायचे होते. आक्काला कोणाचे वाचणे थांबवायचे नाही. माझ्या हातात ती प्रत असताना तिने कधी तोंड वाकडे केले नाही. न्यायालयाने ज्या वाचकाला घरी जायला सांगितले, तो वाचक म्हणजे आक्काच. ती घरी आहे, आणि पुस्तक तिच्या घरी आणणारे आम्ही आहोत.

मास्तर म्हणाले, ठीक, वाचू नका, पण मग पुस्तक वाईट असे म्हणू नका. मला वाटते ते इथे चुकले. आक्काने पुस्तक वाईट आहे असे म्हटलेच नव्हते. तिने आपल्यावर काय गुदरले ते सांगितले. शेजारच्या चुलीचा धूर डोळ्यांत जातो हे सांगायला त्या चुलीवर काय शिजते आहे ते चाखून पाहावे लागत नाही. धुराची साक्ष वेगळी, चवीची वेगळी. साहित्याच्या गटांत आपण फक्त चवीची साक्ष ऐकून घेतो, कारण ती देता येणे हीच तिथे बसण्याची पात्रता असते.

पण विणकरांचा आक्षेप मला जास्त अवघड गेला. ते म्हणाले, असे धरले तर लहान जमातींवर कोणी लिहायचेच नाही. त्यांना बोलण्याचा अधिकार होता. मि. वि. वेंकटराम कुंभकोणमचे, घरची भाषा सौराष्ट्री, धंदा रेशमी कापडाचा, लेखन तमिळमध्ये. जानकीरामन यांचे मित्र. ‘कादुगळ्’ला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून बाहेरच्यांना ते माहीत, पण विणकरांना त्यांची ‘वेळ्वित्ती’ महत्त्वाची वाटते, कारण तीत माग आहे, कर्ज आहे, आणि सौराष्ट्री घरांतली, बाहेर न जाणारी भांडणे आहेत. त्यांच्या वडिलांना ती आवडली नव्हती. ते म्हणत, आपल्या घरातले तमिळमध्ये कशाला सांगायचे? मुलाने मात्र ती जपून ठेवली.

तेव्हा माझ्या मनात आकड्यांचा एक विचार आला. तमिळ ब्राह्मण कुटुंबांवर तमिळमध्ये किती कादंबऱ्या असतील? शेकडो. जानकीरामन यांनीच ‘अम्मा वंदाळ्’मध्ये एका ब्राह्मण घरातली परपुरुषाशी संबंध ठेवणारी आई रंगवली, जिने आपल्या पापाची भरपाई म्हणून मुलाला कावेरीकाठच्या वेदपाठशाळेत घातले. परक्यांवर जितके कठोर लिहिले त्याहून आपल्यांवर त्यांनी अधिक कठोर लिहिले असेच म्हणावे लागेल. त्यावर कमी काहूर झाले नाही. तरी एखाद्या ब्राह्मण मुलीला बसस्टॉपवर “अलंकारम् का?” असे कोणी विचारत नाही. अलंकारमच्या बाजूला दुसऱ्या पुस्तकांतल्या दहाबारा आया उभ्या असतात, त्यात ती मिसळून जाते. यमुना आणि तिची आई एकट्याच उभ्या आहेत. सुमारे साडेतीनशे वर्षे इथे राहिलेल्या मराठी बायकांतली वाचकाला दिसते ती बहुधा ही एकच मुलगी. तिच्यावर जे ओझे पडते ते जानकीरामन यांनी टाकलेले नाही. तिच्या आजूबाजूची जागा रिकामी राहिली, तिचे ते ओझे आहे.

आणि ती जागा रिकामी कोणी ठेवली? तंजावरच्या मराठ्यांबद्दल मराठीत लिहिले गेले नाही असे नाही. व्यंकोजीने १६७६ साली तंजावर घेतले इथपासून सारे येते. शहाजीराजांची नाटके विष्णुदास भाव्यांच्या दीडशे वर्षे आधीची, हे आपण अभिमानाने सांगतो. सरफोजीराजांचा सरस्वती महाल, बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेले भोसले वंशाचे चरित्र, १८०६ साली तंजावरला छापलेली इसापनीतीची ‘बालबोध मुक्तावली’, तीही पुण्यात पेशवाई चालू असताना, हे सगळे येते. फार तर कुंभकोणमला जन्मलेले दिवाण सर टी. माधवराव येतात. राजे, ग्रंथालय, दिवाण. माझ्या वाचनात तरी त्या इतिहासात एकही स्वयंपाकघर आलेले नाही. १८५५ मध्ये शेवटचा राजा वारला आणि मराठी वाचकापुरते आम्ही संपलो. उरलेल्यांची दखल घेतली ती एका तमिळ कादंबरीकाराने, आणि त्याने ती आपल्या कथेच्या गरजेनुसार घेतली. त्याने दुसरे काय करायला हवे होते?

इथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती मी आक्कासमोरही सांगितली. आक्काचे घर देशस्थ, यमुनेची आई मराठा. तमिळ शेजाऱ्याला हा फरक दिसत नाही; त्याच्या लेखी घरात मराठी बोलणारे सगळे एकच. पण आपल्याला तो चांगलाच दिसत होता. त्या काळच्या देशस्थ घरात यमुनेच्या आईला माजघरापर्यंत कोणी येऊ दिले नसते, आणि यमुनेला पाहायला आलेला मुलगा आमच्यातला असता तर तोही तसाच परत गेला असता. तमिळ बाजूने तिला मराठी म्हणून परत केले, मराठी बाजूने तिला कधी बोलावलेच नाही. मग साठ वर्षांनी आपण “आमची बाई अशी दाखवली” असे म्हणतो, तेव्हा हे ‘आमची’ कुठून येते? अपमान वाटून घेताना माणूस आपला होतो आणि पंगतीला बसवताना परका असतो, हा हिशेब मला सरळ वाटत नाही. आक्का यावर चिडली नाही. ती म्हणाली, “ते खरं. पण मुलं मला विचारायची तेव्हा देशस्थ की मराठा हे विचारून नाही विचारायची.” हेही खरे. परक्याच्या नजरेने एकत्र बांधलेल्या माणसांना त्या नजरेपुरते तरी एकमेकांचे व्हावेच लागते.

आता पुस्तकाविषयी, कारण मी ते तीनदा वाचले आहे आणि मला बोलता येते. त्या कादंबरीत सर्वांत स्वच्छ मनाचे माणूस यमुना आहे. बाबू हळवा, स्वतःच्या वासनेला भक्तीचे नाव देणारा, शेजारच्या म्हाताऱ्याच्या तरुण बायकोच्या बाबतीत तर भ्याड. यमुना खोटे बोलत नाही, स्वतःशीही नाही. दारिद्र्य आल्यावरही ती कोणाची कृपा म्हणून जगायला तयार नाही. जानकीरामन यांनी तिच्यावर अन्याय केला असे मला कुठल्याही पानावर वाटलेले नाही. आक्काला छेडणाऱ्या मुलांनी ती कादंबरी बाबूच्या डोळ्यांनी वाचली, आणि तीही त्याच्या सर्वांत हलक्या क्षणी. म्हणजे इजा केली ती वाईट वाचकांनी. लेखक त्यांना जबाबदार नाही. तसे धरले तर एकही पुस्तक लिहिता येणार नाही. पण कोणीच जबाबदार नाही असेही मला म्हणवत नाही.

आमच्या महालिंगस्वामीच्या देवळाची एक गोष्ट आहे. वरगुण पांड्याच्या घोड्याखाली अंधारात एक ब्राह्मण मेला, आणि ब्रह्महत्या राजाच्या मागे लागली. राजा पूर्वेच्या गोपुरातून या देवळात शिरला. तिला आत येता येईना, ती दाराशी थांबली. राजाला सांगण्यात आले की पश्चिमेच्या दाराने बाहेर जा. अजूनही पुष्कळ लोक आले त्या दाराने परत जात नाहीत. लहानपणापासून ही गोष्ट राजाच्या सुटकेची म्हणून ऐकली. अलीकडे मला पूर्वेच्या दाराशी राहणाऱ्यांचा विचार येतो. राजा पश्चिमेने गेला, बरे झाले. ती अजून तिथेच उभी आहे, आणि त्या बाजूला ज्यांची घरे आहेत त्यांचे काय? चांगला वाचक असाच असतो. तो यमुनेचे दुःख समजून घेतो, त्याचे मन हलके होते, आणि तो दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. पहिल्या दाराशी सतरा वर्षांची एक मुलगी पुस्तके छातीशी धरून बसची वाट पाहत उभी असते. पुस्तक चांगले वाचणाऱ्याने तिथे थांबून त्या मुलांना सांगायला हवे होते की अरे, तुम्ही नीट वाचलेले नाही. असे सांगणारे तेव्हाच्या कुंभकोणमात पुष्कळ असणार, ते शहरच वाचणाऱ्यांचे. आक्काच्या आठवणीत एकही नाही.

त्याच देवळात एक दीपलक्ष्मी आहे, हातात दिवा धरून उभी असलेली. ती देवता नव्हे. १८५३ साली अम्मणी नावाच्या एका मराठी राजस्त्रीने, प्रतापसिंह नावाच्या आपल्या नात्यातल्या राजपुत्राशी विवाह व्हावा म्हणून लक्षदीपांचा नवस केला आणि त्या दिव्यांतला एक म्हणून आपलीच मूर्ती करून ठेवली. पायथ्याशी लेख आहे तो तमिळमध्ये. तीही एका पुरुषावर जीव जडलेली मराठी बाई, तीही तमिळ अक्षरांत. पण तिने आपले प्रेम आपल्या मर्जीने, आपल्या खर्चाने, सगळ्या गावासमोर मांडले. तिच्यावरून कोणी आमच्या मुलींना छेडल्याचे ऐकलेले नाही. यमुनेला असे आपण होऊन उभे राहायला कुठे मिळाले, असे मी गटात म्हणालो. मास्तरांनी लगेच दुरुस्त केले, की अम्मणी राजघराण्यातली होती, तिच्याकडे मूर्ती घडवून घेण्याइतका पैसा होता. हे मान्य केले पाहिजे. आपली प्रतिमा आपण ठरवण्याचा हक्क तत्त्वतः सर्वांना आहे म्हणणे सोपे. प्रत्यक्षात त्याला धातू लागतो, कारागीर लागतो, किंवा निदान छापखाना लागतो.

बानू मुश्ताक यांच्याकडे वकिली होती आणि लेखणी होती. त्यांनी आपल्याच समाजातल्या बायकांचे लिहिले, आणि मशिदीत बायकांना जाऊ द्यावे म्हटल्याबद्दल २००० साली त्यांना बहिष्कार सोसावा लागला. म्हणजे घरच्यांनी लिहिले की घरचे गप्प बसतात असेही नाही. तरी मला एक फरक दिसतो. बहिष्कार घालणाऱ्यांना त्यांच्याशी भांडता आले, त्यांना परत उत्तर मिळाले, आणि भांडण एका भाषेत चालले. आक्काला भांडायला कोणी नव्हते. तिची मराठी छापली जात नाही. आमच्या बोलीत कादंबरी सोडा, एखादे पत्रसुद्धा लिहायचे तर कोणती अक्षरे वापरावीत यावर घरात तीन मते असतात. आणि तमिळमध्ये लिहायचे तर त्या मुलांच्याच भाषेत लिहायचे.

भाषेवरून आठवले. ‘अम्मा वंदाळ्’ या नावाचा अर्थ एवढाच, की आई आली. इंग्रजी अनुवाद झाला तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘द सिन्स ऑफ अप्पूज मदर’. मूळ लेखकाने जो शब्द मुखपृष्ठावर येऊ दिला नाही तो अनुवादाने तिथेच लावला, आणि वाचकाने पहिले पान उघडण्याआधी निकाल देऊन ठेवला. मी ‘श्यामची आई’ तोंडी सांगत होतो त्या महिन्यात आम्ही या दोन आयांना शेजारी ठेवून पाहिले. कोणालाच ते नीट जमले नाही. विणकर म्हणाले, तुमच्या साने गुरुजींच्या आईला मुलाला शिकवायचे आहे, हिला मुलाकडून सुटायचे आहे. एवढे एक वाक्य सोडले तर त्या संध्याकाळी बाकी सगळे चहा आणि पाऊस.

‘मोहमुळ्’बद्दल शेवटी मत घेतले नाही. मास्तर अजून म्हणतात की नियम मोडला. मी म्हणतो की नियम वाचणाऱ्यांसाठी होता, आणि ओसरी आक्काची आहे. मास्तरांनी त्यांच्या घरी वाचन ठेवले, चौघे गेलो, चांगली चर्चा झाली. पण यमुनेबद्दल बोलताना प्रत्येक जण जरा जपून बोलत होता, आणि त्यामुळे बोलणे बिघडले की सुधारले याविषयी आमच्यात एकमत नाही. माझ्या मते थोडे बिघडलेच. बाबूची लाज काढण्यात आम्ही इतके गुंतलो की त्याच्या संगीताबद्दल कोणी शब्द काढला नाही, आणि निम्मी कादंबरी तर त्याबद्दल आहे. आक्काने दुसऱ्या दिवशी विचारले, कोण कोण आले होते, खायला काय केले होते. पुस्तकाबद्दल विचारले नाही, मीही सांगितले नाही.

पुढच्या रविवारची पाळी विणकरांची आहे. त्यांनी ‘वेळ्वित्ती’ सुचवली आहे, आणि एक अट घातली आहे: माग, धोटा, जर यांबद्दल त्यात काही चुकीचे असेल तर ते सांगायचा पहिला हक्क त्यांचा. आक्का म्हणाली, ही अट चांगली आहे. प्रती दोनच मिळाल्या आहेत. त्यांतल्या एकीची शेवटची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, तेव्हा ज्याला ती मिळेल त्याने शेवट दुसऱ्याकडून ऐकून घ्यायचा आहे.